पणजीचं निळं कुंकू

मंडळी, ज्यांनी हजेरीपट हाताळला आहे त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. आपण "सतरा" म्हणतो आणि सतरा नंबरचं पोरगं "हजर" म्हणतं. पण सतरा म्हणजे कोण, हे हजेरीपटाच्या पानावर असतं. पान दुसऱ्या वर्गाचं उघडलं, तर नंबर तोच, पोरगं भलतंच!

संगणकातली २५६ रंगांची बिटमॅप चित्रं अशीच. ठिपक्यांत रंग नसतोच, ० ते २५५ पैकी एक नंबर असतो. रंग वेगळ्या यादीत, तिला पॅलेट म्हणतात. साधारणपणे आधी ५४ बाइटांची माहिती, मग १०२४ बाइटांची ही यादी, मग ठिपके (तेही खालच्या ओळीपासून वर!).

आमच्या आईचा एकुलता एक रंगीत फोटो २००१ साली परभणीत स्कॅन करून घेतला होता. ६४० बाय ४८० चं चित्र पूर्ण रंगांत नऊ लाख बाइटांच्या वर जाई, फ्लॉपीत एकच मावे. २५६ रंगांत चार मावत. म्हणून तसा घेतला. पुढे मूळ फोटो वाळवीने खाल्ला. उरली ती फाईल.

नातू इंजिनिअरिंगला आहे. घरच्या फोटोंसाठी त्याने एका जुन्या नमुन्यावरून विंडोजचा छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात पणजीचा फोटो उघडला तर चेहरा निळसर, कुंकू गडद निळं. "आबा, फाईल खराब झालीय." पोटात गोळाच आला. पण बघता बघता लक्षात आलं, बांगड्या हिरव्याच्या हिरव्या होत्या. फाईल नासली असती तर बांगड्याच तेवढ्या कशा वाचल्या?

तेवढा धागा त्याला पुरला. फाईलमधल्या यादीत प्रत्येक रंगाचे चार बाइट: निळा, हिरवा, तांबडा आणि चौथा राखीव. विंडोज पडद्यासाठी जी पॅलेट मागतं, तिच्यात मात्र तांबडा आधी. याने एक यादी दुसरीत जशीच्या तशी उतरवली होती. तांबड्या-निळ्याची अदलाबदल झाली, हिरवा मधोमध म्हणून हलला नाही.

(विंडोज ९५ च्या काळात तर बऱ्याच पडद्यांवरच एका वेळी २५६ रंग. त्यातले २० विंडोज स्वतःकडे ठेवी, बाकी २३६ वर समोरच्या खिडकीचा पहिला हक्क, मागच्या चित्राचे रंग विटत. पंगतीत उशिरा आलेल्यासारखं! ते आता संपलं, पण फाईलमधली यादी नीट वाचावीच लागते.)

क्रम बदलताच कुंकू लाल झालं. गंगाखेडला ताईला फोटो पाठवला. ती म्हणते, "कुंकू बरोबर आहे रे, पण लुगडं डाळिंबी होतं, हे किरमिजी दिसतंय." २५६ रंगांत बसवताना डाळिंबीला जवळचा नंबर मिळाला असणार, त्याला आता इलाज नाही. ताईला ते काही पटलेलं नाही.