न पाहिलेली छायाचित्रे

फिल्म संयम शिकवते आणि डिजिटल कॅमेरा उधळपट्टी, असे विधान सर्रास केले जाते. रोलमध्ये ३६ चौकटी, प्रत्येक चौकटीला खर्च. म्हणून छायाचित्रकार थांबतो, पारखतो आणि मगच कळ दाबतो, असा हा युक्तिवाद. गॅरी विनोग्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराचे उदाहरण त्याला छेद देते. १९८४ साली तो निवर्तला तेव्हा टिपलेले पण न धुतलेले सुमारे २,५०० रोल मागे राहिले. आणखी सुमारे ६,५०० रोल धुतलेले होते, परंतु त्यांच्या कॉन्टॅक्ट शीट काढलेल्या नव्हत्या. तीन लाखांहून अधिक चौकटी त्याने स्वतः पाहिल्याच नाहीत.

संयम हा फिल्मचा गुणधर्म नव्हे. विलंब हा आहे. रसायनात धुतली जाईपर्यंत प्रतिमा अव्यक्त राहते. विनोग्रँड हा विलंब हेतुपुरस्सर वाढवी; वर्ष-वर्ष रोल धूत नसे. टिपतानाची मनःस्थिती विसरल्याखेरीज चित्राची पारख निखळपणे होत नाही, अशी त्याची धारणा होती. निर्मात्याने आपल्याच कृतीचा परका वाचक व्हावे, हा त्यामागील आग्रह.

डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्याने निर्मिती आणि वाचन यांतील हे अंतर जवळजवळ नाहीसे केले. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनविलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. आज तेवढ्या वेळात चित्र टिपले, पाहिले आणि पुसलेही जाते. निवाडा होतो तो हेतू ताजा असताना. साहजिकच हेतूशी न जुळणारी चौकट आधी बाद होते. हेतूच्या पलीकडे जे उमटले, ज्यात समीक्षेला विशेष रस असतो, तेच अशा वेळी गमावण्याचा संभव अधिक. कॉन्टॅक्ट शीटवर फसलेल्या चौकटीही कवीच्या खर्ड्यांप्रमाणे शिल्लक राहतात. पुसलेल्या चौकटीला पाठभेद उरत नाही.

विनोग्रँडच्या अखेरच्या कामाबद्दल मतभेद आहेतच. १९८८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचे प्रदर्शन मांडणाऱ्या जॉन सार्कोव्स्की यांना ते काम उतरणीचे वाटले. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या प्रदर्शनाने त्याचे पुनर्मूल्यांकन केले. इतरांनी निवडलेल्या या चित्रांचे कर्तृत्व नेमके कोणाचे, हा प्रश्न दोन्ही वेळा अनुत्तरित राहिला. तथापि तो विचारता आला, कारण काहीही पुसले गेले नव्हते.

डिजिटल माध्यमातही थांबता येते; पडदा बंद ठेवता येतो, चौकटी राखता येतात. मात्र पूर्वी माध्यम जे सक्तीने करवून घेई, ते आता छायाचित्रकाराला स्वतःहून ठरवावे लागते.