वाफ असताना

रात्री उशिरा जेवायचं यात आपल्याला काय नवल? ओटा आवरता आवरता पातेल्याच्या तळचं वरण, गार पोळी, आणि तेही कित्येकदा उभ्या उभ्याच! इंझोरीला माझं जेवण दहाच्या आत क्वचितच होतं. म्हणून मागच्या हिवाळ्यात मुंबईला नणंदेकडे गेले असताना भाचा रात्री साडेदहाला म्हणाला, "मामी, चला, चिनी जेवायला," तेव्हा मी आणि वन्सं आधी हसलोच.

कुलाब्याला रीगल सिनेमाच्या मागे लिंग्ज पॅव्हिलियन आहे. आत चक्क एक छोटा पूल नि खाली पाण्यात मासे! चायनीज म्हटलं की मला आठवतं ते गाडीवरचं लालभडक मंचुरियन. ते तर १९७५ साली मुंबईतच नेल्सन वाँग यांनी केलेलं. हे जेवण वेगळं, दक्षिण चीनमधल्या कँटनकडचं. मुंबईत ही मंडळी फार जुनी हं. बोटींवर काम करणाऱ्या त्यांच्या लोकांचं १९१९ सालचं देऊळ माझगावला अजून आहे. १९६२ च्या युद्धानंतर मात्र बरीच कुटुंबं देश सोडून गेली.

मासा आला तो अख्खा, वाफवलेला. वर आल्याच्या बारीक काड्या, कांद्याची पात, थोडा सोया सॉस. वाढण्यापूर्वी त्यावर कडकडीत तेल ओततात. वऱ्हाडातल्या बाईला हे काय शिकवायचं? गोळाभातावर आपण कढत फोडणी घालतो, तेच की! पालेभाजीही नुसती लसणावर परतलेली, हिरवीगार. मसाल्यानं काही झाकायचंच नाही. (आमच्या गावात असं वाढलं तर पाहुणे "तिखट संपलं का?" म्हणतील, तो भाग निराळा.)

सगळी भांडी टेबलाच्या मधोमध आणि सगळ्यांनी एकदमच जेवायचं. गरम पोळी आणायला कुणी उठत नाही, कारण पोळीच नाही! वन्सं साठीच्या. चाळीस वर्षं सगळ्यांचं झाल्यावर बसलेल्या. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "अगं, वाफ येतेय बघ अजून." मग बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मीही बोलले नाही.

भाच्यानं सांगितलं, कँटनी लोकांत रात्री उशिराच्या खाण्याला 'स्यू ये' असं नावच आहे. सिनेमा सुटल्यावर, काम संपल्यावर चार माणसं मिळून बसतात. बहुधा तांदळाची पेज नाहीतर शेवया. भरपूर पाण्यात दाणा फुटेपर्यंत शिजवलेली पेज, म्हणजे आपल्या ज्वारीच्या कण्यांची बहीणच म्हणा ना.

घरी आल्यावर मी हेच धरलं. शनिवारी रात्री साडेनऊला कण्यांचं पातेलं, ताक, लसणाची चटणी, कढवलेलं तेल, सगळं मधोमध. हात पुरतो तेवढं ज्यानं त्यानं घ्यायचं. पोळ्या नाहीत. सासूबाई पहिल्यांदा बसायलाच तयार नव्हत्या. "तुमचं होऊ द्या, मग बघू," म्हणत दाराशी उभ्या. धाकट्यानं हात धरून बसवलं. आता शनिवारी त्याच आठपासून विचारतात, कण्या भिजल्या का?

पहिल्या शनिवारी ह्यांनी जेवता जेवता सवयीनं माझ्याकडे पाहिलं, "पाणी?" मी घास तोंडात घातला. तांब्या ह्यांच्यापासून वीतभरच होता.