माणिकबाग पाहिलीत का?

इंदूरहून परत आलेल्या मैत्रिणीला विचारून पाहा, काय काय पाहिलंस म्हणून. राजवाडा, लालबाग, रात्रीचा सराफा, आणि जमलंच तर महेश्वरला जाऊन घेतलेल्या दोन साड्या! माणिकबागेचं नाव काढणारी क्वचितच भेटेल.

माझी मावसबहीण जन्मापासून इंदूरची. पण तीदेखील तिथं पहिल्यांदा आली ती माझ्याबरोबर. इमारत पाहून म्हणाली, "अगं ताई, हा कसला राजवाडा? बँकेची कचेरी वाटतेय!"

तिला तसं वाटणं साहजिकच होतं. ना कमानी, ना घुमट, ना नक्षीदार सज्जे. सरळ भिंती आणि रांगेनं खिडक्या. शिवाय आत आता खरोखरच कचेरी आहे, केंद्र सरकारच्या करखात्याची. (तेव्हा आधी परवानगी विचारून मगच जावं, बरं का!)

पण हा साधेपणा मुद्दाम योजलेला आहे. यशवंतराव होळकर (दुसरे) आणि त्यांच्या महाराणी संयोगितादेवी, म्हणजे कागलच्या घाटग्यांची लेक. दोघंही तरुण. त्यांना नव्या काळाचं घर हवं होतं. ते काम त्यांनी सोपवलं एकार्ट मुथेसियस या बर्लिनच्या विशीतल्या वास्तुशिल्पज्ञावर. १९३० ते १९३३ या काळात घर उभं राहिलं, आणि त्यानंच मुथेसियसला जगभर नाव मिळवून दिलं.

इंदूरचा उन्हाळा ठाऊक आहे ना? या घरात त्या काळी वातानुकूलनाची सोय होती! वाचायच्या आरामखुर्च्यांतच दिवे बसवलेले. पॅरिसच्या नामवंत कारागिरांनी केलेलं टेबल, गालिचे, काचेचा आणि धातूचा पलंग. प्रत्येक वस्तू आधी उपयोगाची, मग शोभेची. आपण गृहिणी दुसरं काय म्हणतो?

हे सुख महाराणींना फार लाभलं नाही. १९३७ साली, ऐन तारुण्यात, त्या परदेशी वारल्या. पुढं संस्थानं गेली. १९८० मध्ये या घरातल्या सामानाचा मोनॅकोत लिलाव झाला आणि एकेक वस्तू जगभर पांगली. २०१९ मध्ये पॅरिसच्या एका संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथं लोक तिकीट काढून आपल्या इंदूरचं सामान पाहत होते, आणि इथं रिक्षावाल्याला मी पत्ता समजावून सांगत होते!

असं का व्हावं? मला वाटतं, "जुनं" म्हटलं की आपल्याला नक्षीच लागते. आजीचा पितळी डबा आपण चिंच लावून घासून दिवाणखान्यात मांडतो. पण आईच्या संसारातलं साधं, सुबक लोखंडी कपाट मात्र भंगारवाल्याला देऊन टाकतो. ते पुरेसं जुनं दिसत नाही ना! माणिकबागेचंही तेच झालं. ती जुनी दिसेपर्यंत आतलं सगळं गेलं होतं.

तर पुढच्या खेपेला सराफ्यातली भूक रात्रीसाठी राखून ठेवा आणि सकाळी माणिकबागेकडे वळा. सोबत मुलींनाही न्या. रिकाम्या भिंतींत काय पाहायचं, असं त्यांनी विचारलं, तर कागलच्या त्या लेकीची गोष्ट सांगा. आणि घरी आल्यावर, भंगारवाल्याला हाक मारण्याआधी, माळ्यावर एकदा नीट नजर टाका.