रिप्लीतली दोन घरं

सिनसिनाटीचा विमानतळ सिनसिनाटीत नाहीच. तो नदीपलीकडे, केंटकी राज्यात आहे. आमच्याकडे येणारा पाहुणा आधी केंटकीत उतरतो आणि मिनिटभरात पूल ओलांडून ओहायोत येतो. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ही ओहायो नदी ओलांडताना लोकांनी जीव पणाला लावला होता. दक्षिणेला गुलामगिरी कायदेशीर, उत्तरेला बंदी. पण उत्तरेला पाय लागला म्हणजे सुटलो, असं नव्हतं. १८५०च्या कायद्यानुसार पळून आलेल्याला इथूनही धरून नेता येई. निवाडा करणाऱ्या कमिशनरला माणूस परत पाठवल्यास १० डॉलर मिळत, सोडल्यास ५. त्यामुळे अनेकांना थेट कॅनडा गाठावा लागे.

‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हटलं की पाहुणे भुयार शोधू लागतात. ना भुयार, ना रूळ. एका घरातून दुसऱ्या घरात, बहुधा रात्री, केलेला हा प्रवास होता.

त्यातली दोन घरं नदीकाठच्या रिप्ली गावात आहेत. टेकडीवरचं घर पाद्री जॉन रँकिन यांचं. त्याच्या खिडकीतला दिवा केंटकीतून दिसे, म्हणतात. पायऱ्या चढताना दम लागतो, पण वरून नदीचं वळण असं दिसतं की सगळे फोटो तिथेच निघतात. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकनांना अर्पण केली, ते असेच लोक, हे कुणीतरी हटकून सांगतं. खरंच आहे ते.

खाली पाण्यालगतचं घर जॉन पार्कर यांचं. तिथे ‘पुन्हा कधीतरी’ म्हणत मंडळी गाडीत बसतात, याचा मला राग येतो. पार्कर स्वतः गुलाम होते. आठव्या वर्षी विकले गेले, १८४५मध्ये १८०० डॉलर भरून सुटले. रिप्लीत लोखंडाचा ओतकारखाना काढला, यंत्रांची पेटंटं घेतली. आणि रात्री होडी वल्हवत, जिथे पकडले गेले तर जीव जाईल त्याच केंटकीत शिरून माणसं आणली. एका जोडप्याने पळू नये म्हणून मालक त्यांचं तान्हं बाळ आपल्या खोलीत निजवत असे. पार्कर त्या खोलीत शिरून ते बाळ उचलून घेऊन आले.

सोडवलेल्यांची नोंद ते ठेवत. १८५०चा कायदा आला तेव्हा ती वही त्यांनी आपल्याच भट्टीत टाकली. कुणाच्या हाती लागली असती तर नावंच्या नावं पकडली गेली असती. त्यांनी १८८०च्या दशकात एका पत्रकाराला सांगितलेली आठवणींची कहाणी १९९६पर्यंत छापलीच गेली नाही. लेव्ही कॉफिन या गोऱ्या क्वेकर मदतनिसाच्या आठवणी मात्र १८७६मध्येच पुस्तकरूपाने आल्या होत्या.

आता मी पाहुण्यांना आधी पार्करांच्याच घरी नेते. टेकडी नंतर, पायांत बळ उरलं तर.