दावा थेट जहाजावर

वकिलीत येण्याआधी मी सेकंड ऑफिसर होतो. गाव दाभोळच्या खाडीकाठी. आजोबा सारंग, वडील इंजिनरूममध्ये ऑइलमन. वडिलांच्या एका जहाजमालकाने कित्येक महिन्यांचा पगार बुडवला, तेव्हा आईने पाटल्या गहाण टाकून घर चालवलं. तो पगार कधीच मिळाला नाही. चांगलं चाललेलं सेलिंग सोडून मी चर्चगेटच्या लॉ कॉलेजात नाव घातलं ते त्यामुळेच.

सागरी कायद्यात दावा थेट जहाजावर लावता येतो. मालक परदेशात, कंपनी नुसती कागदावर. पण जहाज आपल्या पाण्यात असलं की उच्च न्यायालय ते अटकेत घेऊ शकतं. हे नेहमी इतकं सरळ नव्हतं. 1984 साली ‘एलिझाबेथ’ नावाचं परदेशी जहाज माल चढवून, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाची पावती, न देताच मुरगावहून निघून गेलं आणि पुढे विशाखापट्टणमला अटकेत आलं. आपली न्यायालयं इंग्रजांच्या 1861च्या कायद्याशीच बांधलेली आहेत, असा युक्तिवाद मालकांनी केला. 1992मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. स्वतंत्र भारतीय कायदा व्हायला मात्र 2017 उजाडलं.

पगाराच्या माझ्या पहिल्या दाव्यातलं जहाज मुंबईबाहेर नांगरावर होतं. मालकाने हात झटकलेले. लाँचमधून शिडीने वर चढलो तर डेकवर ताडपत्री ताणून पावसाचं पाणी पिंपात धरलेलं. जनरेटर संध्याकाळी थोडा वेळ चालायचा, तेवढ्यात सगळ्यांनी फोन चार्ज करायचे. बोसनने पावाच्या पिशवीत जपलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. शेरीफच्या माणसाने वॉरंट व्हीलहाउसच्या काचेवर चिकटवलं, तसा बोसन म्हणाला, “साहेब, जहाज अटकेत म्हणजे आम्हीपण अटकेत का?”

नाही म्हणणं मला जड गेलं. नांगरावरचं जहाज सोडून सगळ्यांना उतरता येत नाही. सुरक्षेपुरती माणसं ठेवावीच लागतात. बदली माणसं मिळेपर्यंत काहींना तिथेच राहावं लागलं. हा अन्याय मला आजही बोचतो.

पुढे लिलाव झाला. कर्ज दिलेल्या बँकेचा वकील तारण घेऊन उभा राहिला. पण शेरीफचा खर्च वजा जाता खलाशांचा पगार तारणाच्या आधी येतो. कोर्टात तो क्रम मोठ्याने सांगताना वडील आठवले.

आता पगार थकल्याचे फोन आले की मी आधी कराराची प्रत आणि पगार कधीपासून थकला ती तारीख विचारतो. पगारासाठी जहाजावरचा हा हक्क दोनच वर्षं टिकतो. जहाजाच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार मिळू शकतो; त्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर लावलेलं असतं. त्याचा फोटो मी लगेच पाठवायला सांगतो.