ग्रंथ आणि पडदा

१९९४ साली दूरदर्शनवर नीरजा गुलेरींची ‘चंद्रकांता’ ही मालिका सुरू झाली आणि सुरतेतील आमच्या घरात दर रविवारी वाद पेटू लागला. देवकीनंदन खत्रींच्या १८८८ च्या कादंबरीवरच वडील हिंदी शिकलेले. पडद्यावरील फेरफार त्यांना ग्रंथद्रोह वाटे. मला मात्र क्रूरसिंहाचे ‘यक्कू’ भारी प्रिय! एकदा आजी वडिलांना म्हणाली, “अरे, लक्ष्मणरेषा तरी वाल्मीकींच्या रामायणात कुठे आहे?” वडील निरुत्तर झाले, मी विजयाने हसलो.

पुढे वडिलांची दृष्टी गेली. तीच कादंबरी ते मजकडून वाचून घेऊ लागले. क्रूरसिंहाचे नाव येताच त्यांनी मला थांबविले आणि हळूच म्हणाले, “यक्कू!” त्या एका शब्दाने वाद मिटला. मूळ ग्रंथ मात्र मी तेव्हाच प्रथम वाचीत होतो.