उसना हिवाळा

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी अंगणात पाय ठेववत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत अमेरिकेतल्या नातलगांकडून जांभळ्या फुलांचे फोटो येऊ लागतात. माझी मावसबहीण न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला असते. तिथल्या हायलँड पार्कात लायलॅकचा महोत्सव भरतो. टेकडीच्या उतारावर लायलॅकची शेकडो झुडपं, पांढऱ्यापासून गर्द जांभळ्यापर्यंत सगळ्या छटांचे घोस आणि वासाने धुंद झालेली माणसं. फोटोतून वास येत नाही, त्यामुळे आम्ही अंगठा दाखवून मोकळे होतो. यंदा मात्र तिने विचारलं, ‘बुलढाण्याला तर छान थंडी असते. लावून बघायला काय हरकत आहे?’

बुलढाण्याच्या थंडीचा विषय काढला की आम्ही फुगतो. जिल्ह्याचे मुळात दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ही मंडळी खाली पूर्णेच्या खोऱ्यात तापतात. बुलढाणा, चिखली, मेहकर वर. मोताळ्याकडून राजूर घाट चढून आलं की गाडीच्या काचेतून येणारा वारा बदलतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर सुमारे साडेसहाशे मीटर उंचावर आहे. डिसेंबरात पहाटे शेकोट्या पेटतात, कानटोप्या निघतात, आणि पारा दहाच्या आसपास आला की आम्ही एकमेकांना काश्मीर झालं म्हणून सांगतो.

झाडाचा हिशेब वेगळा असतो. लायलॅक फुलून गेला की उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतो. (म्हणूनच हिवाळ्यात हौसेने कात्री चालवणारा माणूस पुढल्या वसंतात नुसती पानं बघत बसतो.) धरलेल्या कळ्या मग मिटून झोपतात आणि झोपेत थंडी मोजतात. शून्य ते सात अंश सेल्सिअसच्या दरम्यानचे तास तेवढे जमेला धरायचे. नेहमीच्या जातींना असे हजारभर तास लागतात, काहींना त्याहून जास्त. सलग धरले तरी सहा आठवडे होतात. आमची कडाक्याची रात्र दहावर येऊन थबकते आणि सूर्य वर आला की ऊन पुन्हा पाठ भाजतं. त्या वहीत बुलढाण्याचा अख्खा हिवाळा जवळजवळ कोराच राहतो. झाड लगेच मरत नाही. ते अर्धवट झोपतं, अर्धवट उठतं, चार पानं काढतं, फुलत मात्र नाही.

चिखलदऱ्याचं नाव कुणी काढेल. तो विदर्भाचा थंड डोंगर खरा, पण तिथे कॉफी होते. ज्या हवेत कॉफी सुखाने नांदते ती लायलॅकला पुरायची नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले अशी बातमी दर हिवाळ्यात छापून येते. ती बातमी होते, यातच सगळं आलं.

गंमत म्हणजे मातीबद्दल लायलॅकची तक्रार निम्मीच असती. त्याला चुन्याची जमीन आवडते, आणि आमच्या काळ्या जमिनीत हात घातला की चुनखडीचे खडे लागतात. चुना पास, निचरा नापास. आषाढ-श्रावणात ती जमीन पाणी धरून बसली की लायलॅकची मुळं गुदमरणार. शिवाय दमट, उबदार हवेत त्याच्या पानांवर भुरी चढते. हा रोग वेलवर्गीय भाज्या लावणाऱ्या इथल्या कुठल्याही बाईच्या ओळखीचा आहे.

नात्याने मात्र तो आपल्याच घरचा. जाई, जुई, मोगरा, पारिजातक आणि लायलॅक वनस्पतिशास्त्राच्या खातेवहीत एकाच कुळात बसतात, ऑलिव्हच्या. मोगऱ्याला वैशाखाचं ऊन लागतं, पारिजातक पावसाच्या ओलाव्यावर फुलतो आणि या भावंडाला बर्फ हवा. एका घरात अशी माणसं असतातच. त्याची एक रानटी जात आपल्या हिमालयातही आहे, काश्मीरपासून नेपाळपर्यंतच्या उतारांवर. बागेतला लायलॅक मूळचा बाल्कनमधल्या डोंगरांचा. सोळाव्या शतकात इस्तंबूलच्या बागांतून तो व्हिएन्नाला गेला, युरोपभर झाला आणि वसाहतवाल्यांच्या सामानातून अमेरिकेत पोचला.

तिथे पूर्वेकडच्या बर्फात तो सुखात राहिला. अडलं ते कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेत, लॉस एंजेलिसच्या बाजूला. पूर्वेकडून आलेल्या लोकांना माहेरचं फूल हवं होतं, आणि हवा तर आमच्यासारखीच मऊ. तिथल्या डेस्कान्सो नावाच्या बागेत विसाव्या शतकाच्या मध्यावर वॉल्टर लॅमर्ट्स यांनी कमी थंडीवर फुलणारे लायलॅक तयार केले. हा गृहस्थ गुलाबांचा जाणकार. ‘क्वीन एलिझाबेथ’ हा जगभर गाजलेला गुलाब त्यांचाच. त्यांच्या लायलॅकपैकी ‘लॅव्हेंडर लेडी’ अजून लोक लावतात. पण नुसत्या जातीने काम भागत नाही. तिथले बागवान आणखी एक गोष्ट करतात, आणि ती वाचली तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. उन्हाळा सरता सरता ते लायलॅकचं पाणी तोडतात. झाड कोरडं पडू देतात, पानं मलूल होऊ देतात, म्हणजे ते वाढ थांबवून झोपी जातं. कळ्या फुगू लागल्या की पुन्हा पाणी.

हे कॅलिफोर्नियाला जाऊन शिकायची काय गरज? हा तर आमचा ताण!

संग्रामपूर, जळगाव जामोदच्या संत्र्याच्या बागांतून डिसेंबरात गेलात तर न जाणणाऱ्याला वाटेल की मालक गाव सोडून गेला. विहिरीत पाणी आहे, मोटर चालू स्थितीत आहे, तरी झाडं तहानलेली. पानांची चकाकी गेलेली, कडा वळलेल्या, काही पानं खाली पडलेली. मालक मात्र बांधावर उभा राहून त्या मलूलपणाकडे समाधानाने बघत असतो. संत्र्याला मनात आलं तर ते वर्षभर तुरळक फुलत राहील. अशा फुलाने बाजार भरत नाही. बहार एकदम यावा, म्हणून झाडाची वाढ थांबवायची. हलक्या जमिनीत महिनाभरात ताण बसतो. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने जातात, कारण ती माती आतला ओलावा सोडतच नाही. तिथे काही जण वाढ रोखणारं औषधही फवारतात. जानेवारीत ताण तोडायचा. आळी चाळायची, खत द्यायचं, पहिलं पाणी हलकं, मग पुढचं जरा जास्त. काही दिवसांत पांढरी कळी दिसू लागते. हा अंबिया बहार. एप्रिल-मेच्या उन्हात ताण देऊन पावसावर तोडला तर तो मृग. अंबियाला थंडीची साथ असते, मृगाला उन्हाची. आणि दोन्हीत माणसाने हात आखडता घ्यायचा असतो. मला या कामातला सगळ्यात कठीण भाग हाच वाटतो. पाणी घालणं कुणालाही जमतं, हातात असताना न घालणं जमत नाही.

आणि सगळं बरोबर केलं तरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अवकाळी येतो. एका रात्रीत दोन महिन्यांचा ताण फुटतो, झाड फुलांऐवजी नवती काढतं, आणि बागाईतदार वर्षभर त्या एका पावसाचं नाव घेत राहतो.

लायलॅकमध्ये आणि संत्र्यात एक फरक आहे, तो लपवायला नको. संत्र्याला ताणाने फूल धरायला लावायचं असतं. लायलॅकने फूल आधीच धरलेलं असतं, त्याला फक्त नीट झोपवायचं असतं, आणि ती झोप पुरी व्हायला थोडी तरी खरी थंडी लागते. लॉस एंजेलिसच्या डोंगरपायथ्याला ती रात्रीपुरती मिळते. आमच्याकडे नाही. म्हणून ताणाची विद्या ठाऊक असूनही लायलॅक इथे व्हायचा नाही, असं माझं मत आहे. लॅमर्ट्सची बाई आणली तरी.

पण न आलेला हिवाळा हाताने बनवण्यात महाराष्ट्र कुणाला हार जात नाही. नाशिकची द्राक्षवेल थंड देशात वर्षात एकदा झोपली असती. इथे तिला झोपच नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळांसाठी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, म्हणजे ते एकसारखे फुटतात. थंडीने करायचं काम मजुराच्या हातमोज्यातलं फडकं करतं. आमच्या घाटावरच्या डाळिंबवाल्यांची बहार धरताना औषधाने पानगळ करण्याची रीतही त्यातलीच. तिकडे विषुववृत्ताच्या शेजारी, पूर्व जावातल्या बाटू गावाच्या परिसरात सफरचंदं होतात. तोडणीनंतर लोक झाडाची पानं हातांनी ओरबाडून काढतात, झाडाला शिशिर येऊन गेल्याचा भास होतो आणि ते पुन्हा फुलतं. आपल्याकडे हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी उलट बाजूने सुरुवात केली. झाडाला फसवण्याऐवजी थोडक्यात समाधान मानणारं झाडच शोधलं. त्यांच्या ‘एचआरएमएन-९९’ या सफरचंदाची रोपं महाराष्ट्रातल्या उन्हातही लागली, आणि 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग लायलॅकच्या रंगाचं, लायलॅकच्या वासाचं काहीच इथे नाही का? आहे, आणि त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. बांधावर, शाळेच्या कुंपणाशी, तहसीलच्या आवारात बकाण निंब उभा असतो. हिवाळ्यात तो पानं झाडून बसतो, फांद्यांवर नुसते पिवळ्या फळांचे घोस लोंबतात. फाल्गुन-चैत्रात कोवळ्या पानांबरोबर फिकट जांभळी, मधोमध गर्द नळी असलेली फुलं झुपक्यांनी येतात. संध्याकाळी त्यांचा वास खरंच लायलॅकच्या जातीचा असतो; इंग्रजांनी या झाडाला इराणी लायलॅक म्हटलं ते उगाच नव्हे. आठळीला आपसूकच आरपार भोक असतं, म्हणून तिच्या माळा ओवतात. फळ मात्र विषारी, पोरांना आणि डुकरांना त्यापासून जपायचं. मावसबहिणीला मी बकाणाचा फोटो पाठवला. तिने अंगठा दाखवला.

शेवटी हा सगळा विषय मी घाटाखालच्या एका संत्रावाल्या काकांपुढे ठेवला. बाग ताणावर होती, ते धुऱ्यावर बसून हरभऱ्याच्या पाण्यासाठी लाईटीची वाट पाहत होते. मी लायलॅकचं झुडूप, त्याची झोप, कॅलिफोर्नियातलं पाणी तोडणं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

‘फय लागते का त्याले?’

‘नाही काका. नुसतं फूल.’

‘मंग ताण काहून देतेत?’

‘वासासाठी.’

‘वासासाठी?’ ते जरा हसले. ‘मंग अंबिया फुटला का ये एकडाव रात्रीची. पण मले हे सांग, तिकडं अवकाळी येते का?’

मी म्हटलं, तिकडे पावसाळाच हिवाळ्यात असतो, उन्हाळाभर थेंब पडत नाही. म्हणून पाणी तोडायचं ते पावसाच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुढे पाऊस आला तरी थंडीही त्याच दिवसांत येते, झाड झोपूनच राहतं.

काकांनी ढेकूळ उचलून बोटांनी चुरलं, आत ओल आहे का बघितलं आणि टाकून दिलं.

‘म्हंजे ताण मृगाचा अन् थंडी अंबियाची. दोन बहार एकातच घातले त्यायनं,’ ते म्हणाले. तेवढ्यात लाईट आली आणि ते मोटर चालू करायला उठले.